कोतवाल बुकातील मृत्यू : खानदेशातील नोंदी आणि अतिरिक्त मृत्यूंचा हिशेब

एखाद्या साथीने किंवा दुष्काळाने किती माणसे नेली हे ठरविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात प्रत्येक मृत्यूचे कारण तपासले जाते आणि त्या कारणाखाली पडलेल्या नोंदींची बेरीज केली जाते. दुसऱ्यात कारणाचा प्रश्न बाजूला ठेवून त्या काळात एकूण किती माणसे दगावली आणि संकट आले नसते तर किती दगावली असती, एवढाच फरक काढला जातो. या फरकाला ‘अतिरिक्त मृत्यू’ अशी संज्ञा आहे. पहिल्या मार्गाला वैद्य, दवाखाना आणि तपासणी लागते, म्हणून जेथे या गोष्टी नाहीत तेथे तो लंगडा पडतो. दुसऱ्या मार्गाला यांतले काहीच लागत नाही. मात्र त्याला संकटाच्या आधीची चारपाच वर्षे, ज्यांत विशेष काही घडले नाही अशी वर्षे, महिन्यामहिन्याने लिहून ठेवलेली लागतात. साथीचे वर्ष आले की मृत्यू मोजण्याकडे सर्वांचेच लक्ष जाते, परंतु त्या मोजणीचा पाया साध्या वर्षांतील कंटाळवाण्या नोंदींवर उभा असतो, ही गोष्ट या शास्त्राच्या इतिहासात वारंवार दिसते आणि खानदेशाच्या इतिहासात तर ती फार ठळकपणे दिसते.

लंडनमधील आठवडी मृत्युपत्रकांचा अभ्यास जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १८४७ च्या इन्फ्लुएंझाच्या वेळी विल्यम फार याने एरवीच्या मृत्युसंख्येशी तुलना करून साथीचे खरे बळी त्या रोगाच्या नावावर लिहिलेल्या बळींपेक्षा कितीतरी अधिक आहेत असे दाखविले. मुंबई शहरात दहनभूमी आणि दफनभूमींवरील माहितीच्या आधारे मृत्युनोंद १८४८ पासून होऊ लागली. खानदेशात हा प्रकार पुढच्या पिढीत पोहोचला. त्याआधीच्या मृत्यूंचा हिशेब सांगणारी एकच सामग्री उरते, ती म्हणजे महसुली कागदांतील बेचिराख गावे. होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीनंतर १८०३-०४ मध्ये पडलेल्या दुष्काळाने खानदेशाची वस्ती इतकी विस्कटली, की १८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचा ताबा घेतला तेव्हा असंख्य गावे त्याला ओसाड आढळली. अशा गावातील माणसे मेली की परागंदा झाली हे त्या कागदांवरून सांगता येत नाही. नोंद नसण्याचा तोटा किती मोठा असतो याची कल्पना यावरून यावी.

मुंबई इलाख्यात आरोग्य आयुक्ताचे, म्हणजे तेव्हाच्या ‘सॅनिटरी कमिशनर’चे खाते १८६० च्या दशकात उभे राहिले आणि त्याबरोबर खेड्यापाड्यांतील जन्ममृत्यूंची पत्रके मागविली जाऊ लागली. या कामासाठी नवी माणसे नेमण्यात आली नाहीत. गावगाड्यात आधीपासून असलेल्या पाटील, कुलकर्णी आणि गावकामगारांच्या गळ्यातच ते घालण्यात आले. कोणाच्या घरी कोणी गेले ही बातमी कोतवाल किंवा जागल्या आणीत असे. खानदेशात हे जागलेपण पुष्कळ गावी भिल्लांकडे होते. बातमी आली की पाटलाच्या देखत कुलकर्णी ती वहीत उतरवून घेई, महिन्याची बेरीज तालुक्याच्या कचेरीत जाई, तेथून जिल्ह्याकडे आणि शेवटी इलाख्याच्या वार्षिक अहवालात तिचे एका आकड्यात रूपांतर होई. हीच वही आज ‘कोतवाल बुक’ किंवा ‘गाव नमुना क्रमांक १४’ या नावाने ओळखली जाते. मृत्यूच्या पानावर तारीख, मृताचे व बापाचे नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण असे रकाने असत, आणि मजकूर बहुधा मोडीत, पुढच्या काळात बाळबोध लिपीत असे.

या रकान्यांतील सर्वांत दुबळा रकाना कारणाचा होता आणि त्यात कुलकर्ण्याचा दोष नव्हता. वरून ठरवून दिलेली कारणे मोजकीच होती : पटकी, देवी, ताप, हगवण-संग्रहणी, इजा, आणि यांत न बसणारी ‘इतर’. पटकी आणि देवी ही दोन दुखणी कोणालाही ओळखता येत असल्याने त्यांच्या नोंदी बऱ्यापैकी विश्वसनीय आहेत. उरलेले जवळजवळ सगळे मरण ‘ताप’ या शब्दात सामावले जाई. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसाचा दाह, बाळंतरोग, क्षय, एवढेच नव्हे तर उपासमारीने खंगलेल्या माणसाचा अखेरचा आजारही तेथेच लिहिला जाई. जेम्स कॅम्बेल याने संपादिलेला खानदेशाचा गॅझेटियर १८८० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील मृत्यूंच्या आकडेवारीतही तापाचाच वरचष्मा आहे. त्या आकडेवारीवरून खानदेशात कोणता रोग किती होता हे शोधू पाहणारा अभ्यासक निराश होतो. परंतु कोणत्या महिन्यात एकूण किती मरण झाले एवढेच ज्याला हवे आहे, त्याच्यासाठी ही पत्रके पुष्कळ उपयोगी ठरतात, कारण रोगाचे नाव चुकीचे लिहिले तरी मृत्यू झाला एवढे त्यातून निश्चित कळते.

या उपयोगाची मोठी कसोटी इलाख्यात प्लेगने घेतली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि थोड्याच महिन्यांत घरझडती, रुग्णाला सक्तीने हलविणे, कुटुंबाला वेगळ्या छावणीत ठेवणे असे उपाय सुरू झाले. त्यामुळे लोक आजार लपवू लागले आणि प्लेगचा मृत्यू ताप किंवा छातीचा विकार म्हणून नोंदविला जाऊ लागला. तेव्हा अधिकाऱ्यांनी मागील वर्षांतील त्याच आठवड्यांची सरासरी काढून, तिच्यावर चढलेल्या संपूर्ण मृत्युसंख्येवरून प्लेगचा अंदाज बांधण्याची रीत अवलंबिली. घर बंद करून रोग लपविता येतो, प्रेत मात्र स्मशानापर्यंत न्यावेच लागते, ही त्या रीतीमागची साधी जाणीव होती. मुंबईच्या या आठवडी आकड्यांची कीर्ती पुढे दूरवर गेली : डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या मृत्यूंची मालिका घेऊनच कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथीच्या चढउताराचे आपले गणित तपासून पाहिले, आणि त्या गणिताची वंशज सूत्रे आजही जगभर वापरली जातात.

खानदेशातील खेड्यांना मात्र आठवडी पत्रक नव्हते. तेथे महिना हेच माप होते, आणि त्या मापावर १८९९-१९०० चा दुष्काळ जसा उमटला तसा दुसरा कोणताही प्रसंग त्या पिढीत उमटला नाही. विक्रम संवत १९५६ वरून ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात त्याची झळ गुजरातइतकीच खानदेशालाही लागली. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १४ लाख २७ हजार भरली, ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा थोडी कमीच होती. दुष्काळातील मृत्यू उपासमारीच्या नावाने लिहिले जात नसत. ते पटकी, हगवण आणि ताप यांत विखुरलेले असत, आणि म्हणून दुष्काळाने माणसे मेली नाहीत, रोगाने मेली, असे म्हणण्यास सरकारला वाव राही. अरूप महारत्न यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात ब्रिटिशकालीन दुष्काळांच्या नोंदी महिन्यामहिन्याने तपासून या विधानातील फोलपणा दाखविला. दुष्काळाच्या काळात आधी कामाच्या ठिकाणी जमलेल्या गर्दीत पटकी पसरते, आणि खरा कडेलोट पुष्कळदा पाऊस पडल्यावर होतो, कारण अशक्त झालेल्या शरीरांवर हिवतापाची लाट येते. म्हणजे अन्न पुन्हा पिकू लागते त्याच महिन्यांत मृत्यूंची रेघ चढते. कारणाच्या रकान्यावर भिस्त ठेवणाऱ्याला या दोन घटनांचा संबंध कधीच दिसला नसता.

येथे एक अडचण उभी राहते आणि तिच्याकडे या विषयावरील सर्वसाधारण लेखनात फारसे लक्ष दिले जात नाही. अतिरिक्त म्हणजे अपेक्षेपेक्षा अधिक. पण अपेक्षा कोणत्या वर्षांवरून ठरवावी? १८९६ ते १९२० या पाव शतकात खानदेशाने दोन मोठे दुष्काळ, वर्षानुवर्षे परतणारा प्लेग, पटकीचे फेरे आणि शेवटी इन्फ्लुएंझा पाहिला. मागील पाच वर्षांची सरासरी घ्यावी तर त्या पाचांपैकी दोनतीन वर्षे स्वतःच संकटाची निघतात, सरासरी फुगते आणि नव्या संकटाची भर मुळात होती त्याहून लहान दिसते. इलाख्यात त्या काळी दर हजारी तीसच्या आसपास मृत्यू नोंदले जात आणि तेच सामान्य मानले जाई. आज महाराष्ट्रात हे प्रमाण सहाच्या आसपास आहे. त्या ‘सामान्य’ आकड्यात किती टाळता येण्याजोगे मरण दडलेले होते हे ध्यानात घेतले, तर सरासरी हे केवळ गणिताचे साधन राहत नाही. एखाद्या समाजाने कोणते मरण स्वाभाविक म्हणून पत्करले आहे, हेही ती सांगते.

१९१८ चा प्रसंग या सर्वांहून वेगळा होता, कारण त्याने माणसांबरोबर नोंदीची यंत्रणाही आडवी केली. तोवर खानदेशाचे विभाजन झाले होते. १९०६ मध्ये जळगाव मुख्यालय असलेला पूर्व खानदेश आणि धुळे मुख्यालय असलेला पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे पडले आणि जामनेर तालुका पूर्व खानदेशात आला. इन्फ्लुएंझाची पहिली लाट जूनमध्ये मुंबई बंदरात उतरली ती तुलनेने सौम्य होती. दुसरी सप्टेंबरअखेर उसळली, आणि भुसावळ, जळगाव, पाचोरा यांसारख्या रेल्वेच्या ठाण्यांवरून आतल्या गावांपर्यंत पोहोचायला तिला वेळ लागला नाही. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता. लोकांनी या रोगाला मानमोडी म्हटले. इतर साथींत लहान मुले व वृद्ध अधिक दगावतात, येथे वीस ते चाळीस या वयाची माणसे आणि त्यांतही स्त्रिया अधिक गेल्या. एकाच घरातील सगळी माणसे एकदम आजारी पडत, तेव्हा पाणी द्यायलाही कोणी उरत नसे आणि शुश्रूषेचा भार जिच्यावर पडे ती स्त्री स्वतःही आजारीच असे.

कुलकर्णी आजारी, कोतवाल आजारी, पाटलाच्या घरात सुतक, अशा स्थितीत महिन्याची बेरीज तालुक्याला वेळेवर जाणे शक्यच नव्हते. भारत सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी साथ ओसरल्यावर लगेच केलेल्या पाहणीत देशभरातील बळींचा आकडा साठ लाखांच्या आसपास धरला होता. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी, नोंदीत सुटलेली माणसे धरून, तो सव्वा कोटीपर्यंत गेला. किंग्सली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये तो आणखी वर नेला, आणि आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये मुख्यतः मुंबई इलाख्याच्या नोंदी हाताशी धरून एक कोटी सत्तर लाखांहून अधिक असा अंदाज मांडला. हे आकडे परस्परविरोधी भासले तरी त्यांतील अंतरातून नोंदीची गळती किती होती हे कळते. एरवी नियमित भरलेल्या वहीत ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ ची पाने विरळ दिसली, तर तेथे मरण कमी झाले असा अर्थ लावणे ही घोडचूक ठरेल. जन्मांच्या पानावर पुढच्या वर्षी पडलेला खड्डा आणि १९२१ ची शिरगणती यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय अशा पानाचा अर्थ लागत नाही.

जातीचा रकानाही येथे महत्त्वाचा ठरतो. मुंबई शहरात याच साथीत तेव्हाच्या सरकारी वर्गवारीत ‘खालच्या’ म्हणून गणलेल्या जातींतील मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६१ हून अधिक, तर युरोपीयांत ते आठच्या आसपास होते. रोग एकच असूनही घर, अन्न आणि शुश्रूषा यांच्या तफावतीने मरणाचे वाटप असे विषम झाले. खानदेशातील खेड्यांबद्दल असा हिशेब करता येण्याजोगी सामग्री कोतवाल बुकात आहे, फक्त तो कोणी मोठ्या प्रमाणावर मांडलेला नाही. गेल्या काही वर्षांत ही बुके पुन्हा उजेडात आली ती वेगळ्या निमित्ताने. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामात जातीच्या दाखल्यांसाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतून बस्ते बाहेर निघाले, मोडी वाचकांना मागणी आली आणि लक्षावधी पाने उलटली गेली. जातीच्या रकान्यासाठी जी पाने वाचली जात होती त्यांच्याच शेजारच्या रकान्यात वय आणि मृत्यूची तारीख होती. एवढे श्रम पुन्हा होतील याची शाश्वती नाही. त्यामुळे त्या पानांच्या प्रती केवळ दाखल्यापुरत्या न ठेवता तारीख-वयासह जतन झाल्या, तर प्रत्येक गावाची पन्नास-साठ वर्षांची मृत्युमालिका बांधता येईल, आणि आरोग्याच्या इतिहासासाठी त्याहून मोलाचा साठा या भागात दुसरा नाही.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली, गावगाडा मोडला आणि नोंदीची जबाबदारीही हलली. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. मृत्यूची खबर ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक झाले आणि खेड्यात ग्रामसेवक हा निबंधक, म्हणजे नोंद करणारा अधिकारी ठरला. नोंदी अपुऱ्या असतात हे गृहीत धरून त्याच सुमारास नमुना नोंदणी पाहणी सुरू झाली. तीत निवडक गावांमध्ये एक माणूस सतत नोंद ठेवतो, दुसरा दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन स्वतंत्रपणे विचारतो, आणि दोघांच्या याद्या जुळवून सुटलेल्या घटना शोधल्या जातात. चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे हे व्यवहारातील रूप आहे. या पाहणीने राज्यांचे दर उत्तम दिले, परंतु तालुक्याबद्दल ती काही सांगू शकत नाही.

२०२० मध्ये तालुक्याचा आणि जिल्ह्याचा प्रश्न अचानक ऐरणीवर आला. त्या वर्षीच्या मे-जून महिन्यांत जळगाव जिल्ह्यात आढळलेल्या कोरोना रुग्णांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले आणि देशातील सर्वाधिक प्रमाणांत त्याची गणना झाली. या प्रमाणातील भाजक म्हणजे तपासणीत सापडलेले रुग्ण. तपासण्या कमी आणि उशिरा झाल्या की भाजक लहान होतो व प्रमाण चढते. म्हणून जळगावात रोग अधिक घातक होता, की रुग्ण उशिरा दवाखान्यात पोहोचत होते, की सौम्य रुग्ण सापडतच नव्हते, हे त्या एका आकड्यावरून ठरविता येत नव्हते. एकूण मृत्यूंची मागील वर्षांशी तुलना केली असती तर निदान संकटाचा आकार तपासण्यांवर अवलंबून राहिला नसता.

जगात त्या काळी नेमके हेच चालले होते. युरोपातील दोन डझनांहून अधिक देशांची मृत्युसंख्या दर आठवड्याला एकत्र आणणारे ‘युरोमोमो’ हे जाळे २००८ पासून कार्यरत होते. एरियल कार्लिन्स्की आणि दिमित्री कोबाक यांनी २०२१ मध्ये शंभराहून अधिक देशांचे एकूण मृत्यू एका सूचीत गोळा केले, तीत भारताची राष्ट्रीय आकडेवारी नव्हती, कारण ती प्रसिद्धच झालेली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० व २०२१ या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यू जगात सुमारे १ कोटी ४९ लाख आणि भारतात सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज जाहीर केला, तर त्याच दोन वर्षांतील भारतातील अधिकृत कोरोना मृत्यू ४ लाख ८१ हजार होते. भारत सरकारने त्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला. पुढे मे २०२५ मध्ये नागरी नोंदणीचा २०२१ चा अहवाल बाहेर आला. त्यानुसार देशात २०१९ मध्ये ७६ लाख, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले होते. एका वर्षात झालेली ही एकवीस लाखांची वाढ संपूर्णपणे साथीची मानता येत नाही, कारण नोंदणीचे प्रमाण दरवर्षी सुधारते आणि वाढत्या, वृद्ध होत जाणाऱ्या लोकसंख्येत मृत्यूही वाढतात. पण अधिकृत आकड्यात सामावणारीही ती नाही. कोरोनाने दगावलेल्यांच्या वारसांसाठीचे ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य मिळविण्यासाठी महाराष्ट्रात आलेले अर्ज अधिकृत मृत्यूंपेक्षा अधिक होते, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

मूळ नोंदी दडविलेल्या नव्हत्या. त्या गावोगावच्या ग्रामपंचायतींत आणि नगरपालिकांत त्याच वर्षी झालेल्या होत्या, वर येऊन प्रसिद्ध व्हायला त्यांना चार वर्षे लागली. शतकापूर्वी हाताने लिहिलेल्या पत्रकांवर मुंबईचे आठवडी आकडे छापले जात होते हे आठवले म्हणजे हा विलंब तांत्रिक अडचणीमुळे झाला असे मानणे कठीण जाते.

उशिराची किंमत पुढील काळात उन्हाळ्याच्या रूपाने मोजावी लागेल. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवे नाही, पण उष्माघात हे कारण म्हणून फार क्वचित लिहिले जाते. शेतमजूर हृदयविकाराने गेला, आजी अशक्तपणाने गेली, असेच नोंदविले जाते. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेतील मृत्यू शेजारच्या वर्षांतील मे महिन्यांशी ताडून पाहिले तेव्हा १,३४४ अतिरिक्त मृत्यू निघाले, आणि त्या लाटेच्या अनुभवातूनच त्या शहराचा २०१३ चा उष्णता कृती आराखडा जन्मला. उदाहरणार्थ, जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेतीन लाख होती. हजारी सहाच्या दराने तेथे वर्षाला एकवीसशेच्या आसपास, म्हणजे महिन्याला पावणेदोनशे मृत्यू अपेक्षित धरता येतात, आणि निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार पंचवीस-सव्वीसपर्यंत जाऊ शकतो. एखाद्या मे महिन्यात त्यावर चाळीस-पन्नासची भर पडली, तर ती तालुक्याच्या पातळीवरही ओळखू येईल. याच तालुक्यातील एकट्या पहूर किंवा फत्तेपूर गावाच्या दप्तरात मात्र दोनचार मृत्यूंची वाढ कोणाच्या नजरेत भरणार नाही. तालुक्याच्या हिशेबासाठी लागणारी नोंद ग्रामपंचायतींत आजही होते. ती जूनच्या पहिल्या आठवड्यात बेरीज होऊन मागील पाच मे महिन्यांशेजारी मांडली गेली, तर पुढच्या मे महिन्यापूर्वी कामाच्या वेळा बदलणे, पाण्याची सोय करणे आणि उपकेंद्रांना सूचना देणे यांसाठी दहा-अकरा महिने हाताशी राहतात.